पुसलेली दीर्घिका

दुर्बिणीतून आलेले फोटो साफ करता करता तिचे डोळे खोल गेले होते आणि पदरात पडली होती ती ही एकच जोडी. खूप लांबच्या, असंख्य ताऱ्यांच्या दोन दीर्घिका, शेजारी शेजारी, रंगरूपाने अगदी सारख्या. घरी सांगितलं तेव्हा अंथरुणाला खिळलेले बाबा उशीला टेकून बसले. तिची धाकटी बहीण वारून वर्षही झालं नव्हतं.

"एक थोरली, एक धाकटी," ते म्हणाले. "दोघी आहेत तर तिकडे."

तेव्हापासून डॉक्टरांपासून सफाईवालीपर्यंत सगळ्यांना त्यांनी हेच ऐकवलं आणि त्या बळावर दोन घास जास्त जेवू लागले. तिनेही अडवलं नाही. अडवणार तरी कोणत्या तोंडाने?

पण प्रयोगशाळेतल्या सरांना मागून सगळे 'चाळणी' म्हणत, ते काही उगाच नाही. त्यांनी दोघींचा प्रकाश वेगवेगळा तपासला. प्रकाशाच्या पट्ट्यातली रेघ न् रेघ जुळली.

"सख्ख्या बहिणीही इतक्या सारख्या नसतात," सर म्हणाले. "मधे काय होतं?"

"जवळची एक मोठी दीर्घिका. फार झगझगीत होती, म्हणून पुसली."

पुसायचीच असते. जवळचा झगझगाट काढला की मागचं अंधुक दिसतं, हे पहिल्याच दिवशी शिकवतात. सरांनी मूळ फोटो उघडला. ती धटिंगण बरोब्बर मधोमध ठाण मांडून बसली होती. तिच्या वजनाने मागून येणारा प्रकाश भिंगातून यावा तसा दोन्ही बाजूंनी वाकत होता आणि एकीच्या दोन दिसत होत्या. भिंग हिने आपल्या हाताने पुसलं होतं आणि भास तेवढा जपून ठेवला होता.

"होतं असं," सर म्हणाले. बिचाऱ्यांचाही आवाज उतरला होता.

घरी थाप मारायची, असं तिने वाटेत पक्कं केलं होतं. बाबांनी दारातच चेहरा ओळखला.

"काय झालं आपल्या पोरींना?"

"एकच आहे, बाबा. दुसरी नुसती दिसत होती."

ते पांघरुणाची कड चाचपत राहिले. "मग खरी कोणती?"

"दिसतात त्या दोन्ही भासच. खरी मधल्या एका मोठ्या दीर्घिकेच्या मागे झाकलीय."

"म्हणजे थोरलीही नाही."

"मी आहे ना, बाबा. ही काय, इथेच बसलेय."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, हो म्हटल्यासारखी मान हलवली आणि भिंतीकडे कूस वळवली. तिला रडूसुद्धा आलं नाही. त्यांचं ताट तसंच राहिलं, दुसऱ्या दिवशीचंही.