करीचा मसाला

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे करीले, आमच्या हिंगणीच्या घरी मटण आमचे हेच रांधते. मसालाही तेच भाजते, अन् तोही दार लावून! इतकी वर्षं संसार केला, पण त्यात काय काय टाकते हे मले सांगतलं नाई. उरलेला मसाला बरणीत भरून कपाटावर ठेवते. वरून मलेच विचारते, "रोजची भाजी इतकी फिकी काऊन?"

परवा बुधवारी सुनेनं, आचलनं, मोबाईलवर दाखवलं. परदेशातले लोक सणाले टर्की नावाच्या पक्ष्याचा खिमा केकसारखा भाजते. टर्की आमच्या सेलूच्या बाजारात कुठं भेटणार? आम्ही कोंबडीचा खिमा आणला, त्यात कांदा, अंडं अन् पावाचा चुरा कालवला.

"आई, पण सणाचा वास कुठून आणाचा?" आचलनं विचारलं.

मी स्टुलावर चढली अन् ती बरणी खाली काढली. सगळी खिम्यात रिकामी केली अन् होती तिथंच परत ठेवली.

केकच्या डब्यात घालून, कुकरची शिट्टी काढून, आम्ही खिमा भाजला. ह्यायनं एक काप खाल्ला, दुसरा खाल्ला, तिसरा हातात घेतला अन् मग नाक मुरडलं.

"बाकी बरं आहे, पण मसाल्यात मार खाल्ला तुम्ही. बाजारचा दिसते."

आचलनं तोंडात ओढणी कोंबली.

"मंग चांगला कसा राह्यते?" मी विचारलं.

"थांबा, माही बरणीच आणतो," म्हणत ते स्टूल घेऊन कपाटाकडे गेले.

मी उरलेले काप झटपट आमच्या दोघींच्या ताटात वाढले.

"खाय लवकर," मी आचलले म्हटलं.