अर्धं टपाल

तिनं हँडब्रेक ओढला, समोरच्या काचेवर उगाचच फडकं फिरवलं आणि म्हणाली,

“धुकं आहे.”

“आजही?” शेजारच्या सीटवरून नवऱ्यानं विचारलं.

“आजही. नाकासमोरचं दिसत नाही.”

समोर तळं लख्ख पसरलं होतं. पलीकडच्या काठावरची घरं, त्यांची लाल छपरं, कुंपणांवर वाळत टाकलेली जाळी, सगळं एकेक मोजून घ्यावं इतकं स्वच्छ. मधोमध एक शिडाची होडी कुठंही जायची घाई नसल्यासारखी उभी होती. तिनं ते सगळं एकटीनं, पोटभर पाहून घेतलं. मग चहाचं आधण ठेवायला गाडीच्या मागच्या भागात गेली.

नवरा चाळीस वर्षं पोस्टमन होता. या तळ्याची चित्रं छापलेली कार्डं त्याच्या हातातून शेकड्यांनी गेली होती, सगळी दुसऱ्यांची. निवृत्त झालो की तळ्याला एक फेरी मारायची, सावकाश, गोगलगायीसारखी घर पाठीवर घेऊन, असं तो लग्न झाल्यापासून म्हणत आला होता. निवृत्तीनंतर त्यानं टपालाची एक जुनी गाडी लिलावात घेतली. पत्रं लावायचे कप्पे तसेच ठेवले, त्यांत कपबश्या, काडेपेटी, साखर, औषधं गेली. मागं दोन फळ्या टाकून बिछाना झाला. आणि गाडी तयार होईतो डोळे गेले. अगदी ठार आंधळा झाला नव्हता तो. उजेड-अंधार कळायचा, माणूस सावलीसारखं दिसायचं, बाकी सगळं राखाडी. त्याला धुकं आहे म्हटलं, की धुकंच.

म्हणून गाडी ती चालवत होती. लग्नानंतर दोनदा तिनं त्याला म्हटलं होतं, मला वाचायला शिकवा. “मी आहे ना वाचायला,” तो म्हणायचा. डोळे अधू झाले तेव्हा त्यालाच गरज पडली. औषधांच्या बाटल्या कोण वाचणार? मग साठीच्या उंबरठ्यावरच्या बायकोच्या तळहातावर बोटानं एकेक अक्षर काढून त्यानं तिला शिकवलं. ती भराभर शिकली. पुढच्या वर्षी तिनं गाडीचं लायसन्सही काढलं. माझी विद्यार्थिनी, माझी विद्यार्थिनी, म्हणत तो गल्लीभर मिरवला. कुऱ्हाडीला आपणच धार लावतोय हे बिचाऱ्याला ठाऊक नाही, असं तिला नंतर वाटलं.

नंतर म्हणजे दोन महिन्यांपूर्वी. गाडीत खुंटीला अडकवायला म्हणून तिनं त्याची जुनी चामड्याची पिशवी झटकली, आणि अस्तराआडून एक पत्र निघालं. खाली तिच्या धाकट्या बहिणीचं नाव, वर एकतीस वर्षांपूर्वीची तारीख. हे पत्र तिला चांगलं आठवत होतं. ओट्याशी उभं राहून त्यानं वाचून दाखवलं होतं. आईला खोकला आहे, बाकी खुशाल, सवडीनं ये.

कागदावर भलतंच होतं. आई आठवडा काढेल असं वाटत नाही, पत्र मिळताच निघ.

ती सवडीनंही निघाली नव्हती. तेव्हा सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या, त्यांचं हगणं-मुतणं ती काढत होती. महिन्यानं कुणा तिऱ्हाइताकडून कळलं की आई गेली. बहिणीनं मला साधं बोलावलंही नाही, हा राग तिनं असा धरला की पुढं बहिणीची पत्रं आली ती तिनं न फोडता परत पाठवली. परत न्यायला पोस्टमन घरातच होता.

पत्र वाचून तिनं आपल्या पिशवीत ठेवलं. स्वैपाक केला, भांडी घासली, नवऱ्याच्या डोळ्यांत औषध घातलं. मग आयुष्यातलं पहिलं कार्ड आपल्या हातानं लिहिलं, बहिणीला. ‘येते आहे. वाचायला शिकले.’ बहिणीचं घर तळ्याच्या पलीकडच्या काठाला होतं. रमतगमत तिथवर पोचायला चार दिवस लागणार होते. तीन दिवस धुकं आणि चौथ्या दिवशी हिशेब, असं तिनं ठरवलं. बहिणीसमोर ते पत्र नवऱ्याच्या हातात द्यायचं आणि वाचा म्हणायचं. पुन्हा एकदा खोकला, पुन्हा एकदा खुशाल. आणि ज्या बाईनं ते लिहिलं ती पुढ्यात उभी. पुढचं मग बहीण बघून घेईल. तिची जीभ लहानपणापासून धारदार.

तिसऱ्या दिवशी सकाळी बेत जरा डळमळला. गाड्या लावायच्या मैदानाचा राखणदार नळाची किल्ली न्यायला आला आणि पायरीशीच रेंगाळला.

“नशीब काढलंत, मावशी. अशी हवा वर्षातून चार दिवस मिळते. इथून पलीकडच्या कोंबड्या मोजून घ्या.”

“तुमच्या नळाला पाणी फार बारीक येतं,” ती मोठ्यानं म्हणाली आणि किल्ली त्याच्या हातात कोंबली.

नवरा खुर्चीत बसून चहा ढवळत होता. राखणदार गेल्यावर म्हणाला, “काय म्हणत होता?”

“कोंबड्या विकतो म्हणे.”

“एवढ्या धुक्यात?”

“कोंबड्यांना काय करायचंय धुक्याशी?”

“तेही खरंच,” तो म्हणाला आणि चहा ढवळत राहिला. साखर केव्हाच विरघळली होती.

चौथ्या दिवशी रस्ता पाण्याला अगदी लागून होता. तो खिडकीबाहेर कोपर काढून बसला होता. मधेच डाव्या गालावरून हात फिरवी. कुठं बदकं ओरडली की मान तिकडं वळे.

“लाटा आहेत?” त्यानं विचारलं.

“दिसत नाहीत.”

“होड्या?”

“कशा दिसतील?”

“नाही, आपलं विचारलं.”

तिला वाटलं होतं, या प्रत्येक ‘नाही’नं आपला जीव थंड होईल. पहिल्या दिवशी झालाही. आता तोंडात तीच ती चव राहिली होती, उकळून उकळून कडू झालेल्या चहासारखी.

बहिणीचं घर कोपऱ्यावरच होतं. निळं फाटक, अंगणात दोरीवर चादरी. चादरीआडून एक म्हातारी बाहेर आली आणि ओले हात दोन्ही कुशींना पुसत उभी राहिली. हात असे आई पुसायची. स्टिअरिंग धरलेली तिची बोटं सुटेनात. मग तिनं ओठांवर बोट ठेवून बहिणीला गप्प राहायची खूण केली. बहीण फाटकापर्यंत आली आणि थांबली.

“पोचलो?” नवऱ्यानं विचारलं.

“थांबलोय.” तिनं पत्र त्याच्या मांडीवर ठेवलं. “हे वाचा.”

“मला काय दिसतंय, कप्पाळ?”

“दिसत होतं तेव्हा तरी काय उजेड पाडलात? वाचा.”

त्यानं कागद चाचपला. घडीवरून अंगठा फिरवला. मग जरा ताठ बसला, पूर्वी लोकांच्या दारात पत्र वाचून दाखवायला बसायचा तसा, आणि कागद समोर धरला.

“ताई,” त्यानं सुरुवात केली. आवाज कोरडा होता, कामावरचा. “डॉक्टर येऊन गेले. आई आठवडा काढेल असं वाटत नाही. सारखी तुझं नाव घेते. दार वाजलं की तूच आलीस म्हणते. मी खोटं तरी किती बोलू? पत्र मिळताच निघ. कुठल्या गाडीनं येशील ते कळवत बसू नकोस. मी रोज संध्याकाळी थांब्यावर उभी राहीन.”

फाटकावरचा बहिणीचा हात घट्ट झाला.

“कागद उलटा धरलाय तुम्ही,” ती म्हणाली.

“असू दे. पाठ आहे.”

त्यानं कागद खाली, मांडीवर घेतला.

“माझी आई पडून होती,” तो म्हणाला. “तू गेली असतीस तर तिचं कोणी केलं असतं? म्हटलं, चार दिवसांनी सांगू. मग सांगण्यासारखं काही उरलंच नाही.”

“जाळलं का नाहीत?”

“पोस्टमन पत्र जाळत नाही.”

“नाही. अर्धंच पोचवतो.”

त्यानं मान हलवली. कागद जुन्याच घडीवर दुमडला, दोन वेळा चाचपून.

“पिशवी कधी झटकतेस याची वाट बघत होतो,” तो म्हणाला. “वाचायला लागल्यावरसुद्धा दीड वर्ष लावलंस.”

ती त्याच्याकडं बघत राहिली. त्याचा खिडकीकडचा गाल उन्हानं लालबुंद झाला होता, नाकाच्या शेंड्यावर कातडं सुटलं होतं. चार दिवस तो गाल तिच्यासमोर होता.

“धुकं नाही हे कळत होतं तुम्हाला.”

“धुक्यात कुणाची कातडी सोलून निघते?” तो म्हणाला. “म्हटलं, चालू दे तुझं.”

तिचा राग पुन्हा भडकला, पत्र सापडलं त्या दिवशीपेक्षाही जास्त. तिचा एवढा सूड, तोसुद्धा त्यानं तिच्याआधी वाचून ठेवला होता. हवं तेवढं तिच्यापर्यंत येऊ दिलं होतं.

तिनं इंजिन बंद केलं, किल्ली काढून घेतली आणि आपल्या बाजूचं दार उघडलं. मागून तिनं फक्त स्वतःची पिशवी घेतली. चहाचा थर्मास त्याच्या हाताला लागेल असा ठेवला, कारण तसा ठेवायची सवय होती.

“अगं,” तो म्हणाला. “आता तरी सांग. कसं दिसतंय तळं?”

ती वळली. ऊन पाण्यावर पसरलं होतं आणि एक शिडाची होडी, आधीचीच का कोण जाणे, आता काठाकडं येत होती. बहिणीनं फाटकाची कडी काढली होती.

“सांगेन,” ती म्हणाली. “सवडीनं.”