फाटकातली गाडी

पहिल्याच चावीला इंजिन सुरू झालं. अकोल्याहून गाडी बघायला आलेला मनोज बॉनेटवर हात ठेवून थोडा वेळ नुसता ऐकत राहिला.

“तीन वर्सं उभी हाये म्हनता ना हे?” त्यानं विचारलं.

“उभीच. बाबांनीच ठेवली अशी,” ललित म्हणाला.

“मानलं काका तुमाले. संध्याकाळी कागद घेऊन येतो, पक्कं करून टाकू.”

अंगणात खाटेवर बसलेल्या देवमननं मान खाली घातली. गेलेल्या आईच्या पुण्यानुमोदनाच्या विधीसाठी मस्कतहून आलेला लेक सहा दिवसांपासून घरात होता. सहा दिवस एक गोष्ट देवमनच्या ओठांपर्यंत येत होती आणि परत घशात जात होती. संध्याकाळी गाडी गेली की ती सांगायची हिंमत कायमची जाणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

देवमननं तीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या पंपावर काढली होती. जास्तीचा पंप आठवड्यातून एकदा फिरवलाच पाहिजे, नाहीतर गरजेच्या वेळी तो दगा देतो, हे त्याचं शास्त्र. ललित मस्कतला गेला तेव्हा तेच शास्त्र त्यानं गाडीला लावलं. दर रविवारी सकाळी कव्हर काढायचं, उंदरांसाठी ठेवलेल्या डांबरगोळ्या बदलायच्या, इंजिन वीस मिनिटं चालू ठेवायचं. मग गाडी भिंतीपासून फाटकापर्यंत न्यायची, म्हणजे टायर एकाच जागी बसत नाहीत. ब्रेक जाम होऊ नये म्हणून हॅन्डब्रेक न ओढता चाकांना विटा लावायच्या. फाटकाच्या बाहेर मात्र गाडी कधी गेली नाही. विमा संपला होता, आणि देवमन नियमाचा माणूस होता.

“एवढी सेवा माह्या गुडघ्याची केली असती, तं म्या मोर्शीले पायी गेली असती,” त्याची बायको भागीरथा दारात बसून चिडवायची. मोर्शीला तिची बहीण होती, संत्र्याच्या बागेत घर होतं. “एक डाव नेऊन आना ना या गाडीनं.”

“लेकाची अमानत हाये. तो आला का जाऊ.”

भागीरथानं हेच लेकालाही फोनवर सांगून पाहिलं होतं. त्यानंही विम्याचंच नाव घेतलं होतं.

मनोज गेल्यावर ललित इंजिन बंद करायला वाकला.

“राहू दे चालू,” देवमन म्हणाला. “तुह्या मायले म्या आटोत नेलं.”

“मालूम हाये बाबा. सांगतलं होतं तुमी.”

“सारं नाई सांगतलं.” देवमन उठून गाडीपाशी आला. “रविवार होता. भर दुपारची ते चिंच फोडता फोडता कलंडली. तोंड वाकडं झालं. म्या नाक्यावर पयालो. उन्हाचा एक आटो नाई. एक भेटला झाडाखाली, त्याचा ड्रायव्हर झोपून होता. त्यातच अर्धा तास गेला. आटो घेऊन आलो, तं आत येता येईना. हे गाडी फाटकात उभी होती.”

ललितनं चावीवरचा हात मागे घेतला.

“म्या घरातून चाबी आनली. विटा काढल्या. गाडी सुरू केली, मागं भिंतीपाशी नेली, आटोले जागा करून देली. मंग गाडी बंद केली. चाकाले विटा लावल्या, चाबी खुटीले टांगली, अन् तुह्या मायले आटोत टाकलं.”

ललितला कळायला क्षणभर लागला. कळलं तेव्हा त्यानं गाडीच्या दाराला धरलं.

“काहून बाबा?”

“आठवलंच नाई रे. गाडीत मानूस बसवून नेता येते, हे डोक्यातच आलं नाई. दवाखान्यात पोचेपर्यंत पाऊन तास झाला. डॉक्टर म्हने, थोडं आधी आनाले पायजे होतं. चार दिवस ते माह्याकडं पाहून राहिली होती. बोलता येत नव्हतं तिले.”

देवमन रडू लागला. ललितनं बापाला असं रडताना कधी पाहिलं नव्हतं, आणि काय करायचं ते त्याला कोणी शिकवलंही नव्हतं. तो नुसता त्याच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला.

बऱ्याच वेळानं देवमननं गमछ्यानं तोंड पुसलं. “मले एक डाव दवाखान्यापर्यंत घेऊन चाल. किती वेळ लागते ते पाहाचं हाये.”

“नको ना बाबा.”

“चाल. नाई तं म्या रोज तेच मोजत बसन.”

विम्याचं नाव दोघांपैकी कोणीच काढलं नाही. देवमन पुढच्या सीटवर मनगटावरच्या घड्याळाकडे बघत बसला. गाडी फाटकाबाहेर पडली, कठोरा नाक्यावरून पंचवटी चौकात आली. पाच मिनिटं झाली होती. इथून दवाखाना सरळ समोर, अजून पाच मिनिटांवर.

ललितनं गाडी डावीकडे वळवली. मग एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत घातली. राजापेठेचा पूल चढला, उतरला, वळसा घेऊन पुन्हा चढला. वीसच्या वर वेगाचा काटा जात नव्हता. हिरव्या सिग्नललाही तो रेंगाळत होता आणि मागचे स्कूटरवाले शिव्या देत पुढे निघून जात होते. देवमनचा सारा जन्म याच शहरात गेला होता. त्यानं घड्याळावर तळहात ठेवला.

दवाखान्याच्या दारात गाडी थांबली.

“पाहा बाबा, चाळीस मिनटं,” ललित समोरच बघत म्हणाला. “तुमाले तवा पाऊन तास लागला. काईच फरक पडला नसता.”

देवमननं लेकाच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

“हव,” तो म्हणाला. “गर्दीच लय असते बाप्पा या रस्त्यानं.”

दुपारच्या उन्हात रस्ता दोन्ही बाजूंनी मोकळा पडला होता.