सेवा जरा कमी करा

पडेगावच्या अप्पाराव हिवराळ्यांनी आयुष्यात एकच मोठं खोटं पचवायला घेतलं, आणि तेही त्यांना धड पचलं नाही. खोटं बोलायलासुद्धा अंगात कला लागते हो! ती असती तर माणसानं चिकलठाण्याच्या कारखान्यात लेथवर उभं राहून एकतीस वर्षं कशाला काढली असती? पुढारीच नसता का झाला?

निवृत्त झाले त्या दिवशी कारखान्यानं त्यांना हार घातला आणि मोठ्या नावाच्या कंपनीचं घड्याळ दिलं. निळी मखमली डबी, आत चंदेरी घड्याळ. अप्पाराव ते घालत नसत. महिन्यातून एकदा काढायचं, फुंकर मारायची, परत ठेवायचं. पुढं त्यांच्या लेकीचं, करुणाचं, कन्नडच्या राजकुमारशी जमलं. पोरगा साखर कारखान्यात नोकरीला, शांत स्वभावाचा. पहिल्याच बैठकीत त्याची आई रत्नमालाबाई म्हणाल्या, "आम्हाला हुंडा नको, मानपान नको. पोरगी द्या, झालं." एवढं ऐकून अप्पारावांचा ऊर भरून आला, आणि ऊर भरला की माणूस नको ते बोलून जातो. भर साखरपुड्यात ते उठले आणि म्हणाले, "हुंडा नाय तर नाय! पण माझ्या एकतीस वर्षांच्या घामाचं घड्याळ मी माझ्या हातानं जावयाच्या मनगटावर बांधणार!" टाळ्यांचा कडकडाट झाला.

लग्नाला आठ दिवस राहिले तेव्हा अप्पाराव मेव्हण्याला पत्रिका द्यायला पाचोडला गेले. मेव्हण्यालाही दाखवावं म्हणून घड्याळ त्या दिवशी हातात घातलेलं. नेमका आठवडी बाजार. गर्दीतून बाहेर पडले तर मनगट रिकामं! पट्टा निसटला की कुणी काढून घेतलं, ते आजपर्यंत कळलेलं नाही. घरी डबी तेवढी शाबूत होती.

आता शहाण्या माणसानं काय करावं? "घड्याळ गेलं बुवा," म्हणून मोकळं व्हावं. पण टाळ्या घेतल्या होत्या ना! दुसऱ्या दिवशी करुणाच्या भांड्यांवर नावं घालायला अप्पाराव शहागंजात गेले. आपल्याकडं लेकीला दिलेला चमचासुद्धा नावाशिवाय सासरी जात नाही. किर्र किर्र करत मशीन घागरीवर नाव घालत होतं आणि अप्पारावांची नजर शेजारच्या नवाबच्या घड्याळाच्या दुकानावर गेली.

नवाबनं सगळं ऐकून घेतलं आणि एक घड्याळ पुढं केलं. "चाचा, ये देखो. घटिका कंपनी का है. सस्ता है, पर डिट्टो वहीच दिखता."

खरंच तसंच दिसत होतं. फक्त तबकडीवर बारक्या अक्षरात 'घटिका' लिहिलेलं. अप्पारावांनी मनाशी म्हटलं, लोक डबी बघतात, तबकडी कोण वाचतंय?

"इस कार्ड पे नाम-पता लिख दो, गॅरंटी के वास्ते. मैं कंपनी को भेज देता," नवाब म्हणाला. अप्पाराव म्हणजे सकाळपासून पन्नास भांड्यांवर एकाच साच्याचा मजकूर घालून घेतलेला माणूस. पेन हातात येताच हात आपोआप चालला, फक्त करुणाच्या जागी राजकुमार आला: 'चि. राजकुमार यांस अप्पाराव हिवराळे यांजकडून सप्रेम भेट.' खाली कन्नडचा पूर्ण पत्ता आणि जावयाच्या घराजवळची पाण्याची टाकीसुद्धा. स्वतःचा मोबाईल नंबर टाकला आणि कार्ड विसरून गेले.

लग्न थाटात झालं. घड्याळ निळ्या डबीतून निघालं, जावयाच्या मनगटावर चढलं. रत्नमालाबाईंनी कन्नडभर सांगितलं, "आमच्या व्याह्यांनी आयुष्यभराची कमाई माझ्या लेकाच्या हातात बांधली हो!" त्यानंतर अप्पाराव कन्नडला गेले की त्यांची पंचाईत व्हायची. ताटावर बसायचे ते मान खाली घालून. न जाणो, वर बघितलं आणि घड्याळाचा विषय निघाला तर? अर्धी भाकरी खाऊन पाणी प्यायचे आणि एस.टी. गाठायचे.

असे आठ महिने गेले आणि घड्याळ बंद पडलं.

राजकुमारचा फोन आला. मागून रत्नमालाबाईंचा आवाज येत होता, "एवढी मोठी कंपनी अन् आठ महिन्यांत बंद? शोरूममध्ये जाऊन भांड त्यांच्याशी!"

"मामा, तुम्हीच दाखवता का शोरूमला?" राजकुमार म्हणाला. "बिल तुमच्याकडं असंल. उद्या आमच्या कारखान्याची गाडी तिकडं येतेय, तिच्यात पाठवून देतो."

"व्हय व्हय, मीच दाखवतो!" अप्पाराव इतक्या जोरात ओरडले की त्यांची बायको भामाबाई कुकर सोडून बाहेर आली.

घड्याळ हाती येताच ते नवाबकडं धावले. नवाबनं सेल बदलून बघितला. काटा हलेना. "मशीन गया, चाचा. कंपनी को फोन लगाओ. ये नंबर."

कंपनीला फोन म्हणजे काय असतं ते अप्पाराव जाणून होते. मागं फ्रीजवाल्यांनी त्यांना सव्वा तास बासरी ऐकवली होती. म्हणून दुसऱ्या दिवशी ते पोटभर जेवले, पाण्याचा तांब्या जवळ घेतला, पाठीला उशी लावली आणि मग फोन लावला. भामाबाई शेजारी गेली होती. दोन वेळा वाजला आणि उचलला.

"नमस्कार, घटिका. मी यास्मिन बोलते."

अप्पारावांनी घाबरून फोन कट केला. इतक्या लवकर माणूस बोलतं म्हणजे नक्की चुकीचा नंबर! पण लगेच तिकडूनच फोन आला. "काका, आवाज तुटला वाटतं. बोला ना, काय झालं घड्याळाला?"

काय झालं ते अप्पारावांनी सांगितलं. यास्मिननं घड्याळाच्या पाठीवरचा नंबर आणि पडेगावचा पत्ता घेतला, म्हणाली, "काळजी करू नका, उद्या माणूस घरी येऊन घेऊन जाईल." आणि माणूस खरोखर आला. भामाबाईनं विचारलं, "कोण होता हो?" अप्पाराव म्हणाले, "मीटरचं रीडिंग घ्यायला." ती म्हणाली, "मीटर तर बाहेर भिंतीवर आहे. तो घरात येऊन पुडकं कशाचं घेऊन गेला?"

तिथून पुढं छळ सुरू झाला. सकाळी मेसेज: 'अप्पारावजी, आपले घड्याळ सुखरूप पोहोचले.' दुपारी मेसेज: 'आपले घड्याळ उघडले आहे.' संध्याकाळी यास्मिनचा फोन: "काका, आमच्या कारागिरानं बघितलं. त्याला स्वतःलाच वाईट वाटलं, आठ महिन्यांत बंद पडायला नको होतं म्हणाला." भामाबाईच्या डोळ्यांत संशय दाटत चालला. या वयात माणसाला रोज संध्याकाळी एका बाईचा फोन येतो आणि तो उठून मोरीत जाऊन बोलतो, तर कुणीही काय समजेल?

शेवटी अप्पारावांनी मोरीत उभं राहून हात जोडले. फोनवर दिसत नाहीत, तरी जोडले.

"बाई, एक विनंती होती. तुमची सेवा जरा कमी करता येईल का?"

"कमी म्हणजे, काका?"

"म्हणजे फोन करू नका. आम्ही केला तर उचलू नका. महिनाभर लटकवा की, बाकीच्या कंपन्या लटकवतात तसं. मी तक्रार करणार नाय."

यास्मिन अगदी मनापासून म्हणाली, "तशी सोय नाही हो आमच्याकडं, काका. आणि आता काळजीच मिटली! तुम्हाला नवं घड्याळ द्यायचं ठरलं. परवाच पाठवलं, आज दुपारपर्यंत पोचेल. तुम्ही कार्डावर लिहिला होता ना, त्याच पत्त्यावर."

"कोणत्या पत्त्यावर?"

"कन्नडच्या. पाण्याच्या टाकीजवळ."

अप्पाराव मोरीतल्या बादलीवर बसले. बादलीत पाणी होतं.

ओल्या धोतरानंच ते रस्त्यावर आले आणि कन्नडची एस.टी. धरली. मिटमिटा गेलं, दौलताबाद गेलं, वेरूळ गेलं, अप्पारावांना काही दिसलं नाही. डोळ्यांसमोर एकच चित्र: पुडक्यावर भलं मोठं 'घटिका', ते हातात घेऊन रत्नमालाबाई दारात उभ्या. लाज आपली गेली तर गेली, म्हातारपणी लाजेचं करायचं काय? पण करुणाला उद्या कुणी म्हणालं, तुझ्या बापानं आम्हाला फसवलं, तर पोरीनं बघायचं कुठं?

पोचले तेव्हा पुडकं त्यांच्या आधी पोचलेलं होतं. बाजेवर ठेवलेलं, आणि रत्नमालाबाई कात्री शोधत होत्या. करुणा चुलीपाशी भाकरी थापत होती. "पप्पा? अन् ओले कशानं झाले?"

"आई, दे इकडं, मी उघडतो," राजकुमार म्हणाला. त्यानं सगळ्यांकडं पाठ केली. कागद फाटल्याचा आवाज आला, कंपनीचा खोका आणि पत्र झटक्यात त्याच्या खिशात गेलं, आणि वळला तेव्हा हातात नुसतं चकचकीत घड्याळ. "बघ आई! शोरूमवाल्यांनी पार नवंकोरं करून दिलं. मामांनी लई खेटे घातले असतील."

अप्पारावांनी जावयाकडं बघितलं. जावई जवळ आला आणि हळूच म्हणाला, "मामा, दिवसातून पन्नासदा बघतो मी ते घड्याळ. मला वाचता येत नाय का?"

"कधीपासून?"

"मांडवातूनच."

म्हणजे आठ महिने या पोरानं सगळ्या कन्नडला तेच घड्याळ 'मामांच्या एकतीस वर्षांचं' म्हणून दाखवलं होतं!

तेवढ्यात रत्नमालाबाईंनी घड्याळ उलटं केलं आणि चष्मा लावला. "अगं बाई! यावर नाव घातलंय की. 'चि. राजकुमार यांस अप्पाराव हिवराळे यांजकडून सप्रेम भेट.' हे आधी कुठं होतं?"

यास्मिनच्या कंपनीनं कार्डावरचा मजकूर शब्दाला शब्द कोरून पाठवला होता. घागरीवर असतो तसा, ठसठशीत.

"शोरूमवाल्यांनीच घातलं असंल," राजकुमार म्हणाला.

बास झालं. आपल्यासाठी हे गुणी पोरगं आईसमोर खोटं बोलतंय, हे अप्पारावांना सोसलं नाही. ते मटकन खाली बसले. "विहीणबाई, शोरूम-बिरूम काय नाय. माझं घड्याळ पाचोडच्या बाजारात गेलं. हे स्वस्तातलं आहे. मोठ्या डबीत घालून दिलं. मी फसवलं तुम्हाला. पोरीला काय बोलू नका, तिला माहीत नाय."

रत्नमालाबाईंनी चष्मा काढला. चेहरा लाल झालेला.

"म्हणजे आठ महिने तुम्ही माझ्या घरी मान खाली घालून जेवत होता, ते यासाठी?"

"व्हय."

"अर्धी भाकरी खाऊन उठत होता, ते यासाठी?"

"व्हय."

"अन् मला वाटायचं माझ्या हातचं तुमच्या घशाखाली उतरत नाय!" त्या एकदम कडाडल्या. "दर वेळी तुम्ही गेले की मी रडते! तीनदा मसाला बदलला मी! गल्लीत विचारत फिरले, पडेगावकडं वांग्यात कूट घालतात का खोबरं! आम्ही काय घड्याळाशी सोयरीक केली व्हती का हो? करुणा, ताट आण. अन् तुम्ही, मान वर!"

अप्पारावांनी मान वर केली. आठ महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी त्या घराच्या भिंती नीट बघितल्या. ताट आलं. वांग्याची भाजी, ठेचा, कांदा. पहिली भाकरी संपली, दुसरी संपली, आणि तिसरी त्यांनी स्वतः मागून घेतली. रत्नमालाबाई पदरानं डोळे पुसत समोरच बसून राहिल्या.

मधेच फोन वाजला. करुणानं तो त्यांच्या कानाला लावला.

"काका, यास्मिन बोलते. घड्याळ मिळालं ना? आमची सेवा कशी वाटली, दहापैकी किती मार्क?"

"दहा," अप्पाराव भरल्या तोंडानं म्हणाले.

"आणि काही सुधारणा सुचवाल?"

अप्पारावांनी घास गिळला. "एकच, बाई. हे असं आठ महिने आधीच बंद पडायला पाहिजे व्हतं."