कार्डावरचा मोकळा हात

चाळीस कार्डांवर लोकर चिकटवून झाल्यावर मला चष्मा लावायची अक्कल आली.

माझी लेक प्रतीक्षा बीदरच्या एका शाळेत चित्रकला शिकवती. सुट्टीत कमठाण्याला घरी येती आन हातानं कार्डं बनवती, सणावाराला लोकांनी एकमेकांला द्यायची. ह्या खेपेला कलबुर्गीला तिच्या चित्रांचं प्रदर्शन होतं, म्हनून शंभर कार्डं पायजे होती. चित्र ती काढायची. त्यातल्या मानसाच्या खांद्यावर काळ्या लोकरीचा तुकडा चिकटवला की झाली घोंगडी, ते काम माझं. आमच्या कैक पिढ्या मेंढरामागं फिरल्या, लोकर माझ्याहून कोनाला कळती?

चष्मा लावला आन हात जागीच थांबला. पांढरा पटका, पाठमोरा मानूस, डावा खांदा जरा खाली. आगं बाई, हे तर प्रतीक्षाचे अप्पा, माझे मालक अंबाजी! चार वर्सं झाली त्यांना जाऊन, आन म्या सकाळधरनं त्यांच्याच अंगावर घोंगड्या टाकत बसले होते. डाव्या हाताला फ्रॉक घातलेली बारकी पोर. त्यांच्या पाठीमागं बाभळ, बाभळीखाली तीन दगडं. उजवा हात मातर अंगापास्नं लांब, बोटं वाकवलेली, आन त्या हातात काय बी न्हवतं.

"हे अर्धवटच काढलंस की गं," म्या वराडले. "हातात काठी तरी दे!"

"तसंच हाय ते, आई." तिनं मान वर केली न्हाई.

म्या उठले. भिंतीला टेकवलेली तिची मोठी चित्रं एकेक उलटून बघितली. सगळी ह्याच वर्सातली. एकात धुकं, एकात भर दुपार, एकात तूर काढनीला आलेली. पन बाभळ तीच, दगडं तीच, आन तो हात बी तसाच मोकळा. आमच्यात पुरलेल्या लेकराच्या जागेवर तीन दगडं मांडतात, ते मला कोनी सांगायची गरज न्हवती.

प्रतीक्षाच्या आधी मला एक पोरगी होती. नागरत्ना. नागू म्हनायचो आमी. अडीच वर्सांची. कळपासंगं चालताना बापाच्या उजव्या हाताचं बोट सोडायची न्हाई. मंठाळकडं एका शेतात खतासाठी मेंढरं बसवली होती, तवा तिला ताप भरला आन दोन दिवसांत गेली. गडीमानसं तिला उचलून घेऊन गेली, मला येऊ दिलं न्हाई. आईनं ती जागा बघितली तर म्होरलं लेकरू जगत न्हाई, आसं सासूचं म्हननं. दुसऱ्या दिवशी उजाडताच कळप हलला.

तीस वर्सं म्या ह्यांना इचारलं, कुठं ठिवलं माझ्या लेकीला? ह्यांचं एकच, "ध्यानात न्हाई. नांगरली आसल जागा." तुमी बाप हाव का कसाई, आसं म्या तोंडावर म्हनलेय. मरताना बी त्यांच्याशी धड बोलले न्हाई. आता लपवून काय करू?

म्या प्रतीक्षाचा दंड धरला. "कुनी दावली तुला ही जागा?"

"अप्पांनी." ती रडायला लागली. "ल्हान होते तवा दर वर्सी न्यायचे. बाजाराला जातो आसं तुला सांगायचे आन मला म्हनायचे, चल, अक्काला भेटून येऊ."

"आन मला बोलली न्हाईस?"

"आज्जीनं त्यांना शपथ घातली होती, त्यांनी मला घातली. आईला सांगू नको म्हनले." तिनं नाक पुसलं. "चित्र काढू नको आसं न्हाई म्हनले."

"आन हा हात?"

"शेतातनं निघालं की बस येईपतोर तसाच धरायचे. एकदा म्या तो हात धरायला गेले, तर म्हनले, हिकडं नगं, तू डाव्या अंगाला ये."

त्या दिवशी राहिलेली कार्डं म्या तशीच ठिवली. सकाळी म्हनलं, "उठ. प्रदर्शन गेलं खड्ड्यात, मला तिथं घेऊन चल."

आमच्या कर्नाटकात बायांना बस फुकट झाल्यापास्नं पाय ठेवायला जागा नसती. तीन बशी बदलून भर दुपारी मंठाळच्या पल्याड उतरलो. बाभळ दिसली आन मला रस्ता दावायची गरज उरली न्हाई. तुरीच्या मधोमध तेवढा एक तुकडा बिननांगरलेला होता. शेतमालक रेवणसिद्धप्पा, म्हातारा मानूस, काठी टेकत आला. म्या त्याला कार्ड दावलं. त्यानं ते लई येळ बघितलं.

"अंबाजी कामून येईना झालाय?"

"गेले."

तो मटकन खाली बसला. "त्याच्या शब्दाखातर म्या हितं नांगर लावला न्हाई. पन अक्का, चार वर्सं झाली, दिवस कलला की हितं पोर रडल्यावानी आवाज येतोय. वाट बघून रडल्यावानी. आमच्या बाया हिकडं फिरकत न्हाईत."

म्या दगडांपाशी बसले. वाटीभर दूध वतलं, चार हिरव्या बांगड्या ठिवल्या. किती रडले ते मला सांगता यायचं न्हाई. "नागू, तुझा बाप कसाई न्हवता गं," म्या म्हनले. "तुझ्या आईचंच तोंड वंगाळ. आता रडू नगंस. चल."

निघताना म्या उजवा हात जरा लांब धरला, बोटं वाकवून. प्रतीक्षानं ते बघितलं आन न बोलता माझ्या डाव्या अंगाला आली.

परतीच्या बसमदी सगळ्यात मागच्या लांब सीटावर जागा मिळाली. प्रतीक्षा खिडकीशी, तिच्या शेजारी म्या. माझ्या उजव्या अंगाला इतभर जागा म्या मोकळी सोडली. बस भरत गेली, बाया दांड्याला लोंबकळायला लागल्या, तरी म्या सरकले न्हाई. कंडक्टर वाट काढत आला, आमची दोन फुकटची तिकिटं दिली, आन त्या मोकळ्या जागेकडं बघत वैतागून म्हनला,

"अक्का, त्या पोरीला मांडीवर घ्या की. बाया हुब्या हायत."

प्रतीक्षानं माझं मनगट घट्ट धरलं. म्या मांडीवरची पिशवी उचलून खाली पायाशी ठिवली.