पहिला नंबर

मंगलाबाईनं बोट पुढं केलं, पण डोळे मात्र विहाराच्या दाराकडे. सुई टोचली तेव्हा तिनं हूं की चूं केलं नाही. मशीनवर आकडा आला, एकशे दोन. तृप्ती मॅडमचा चेहरा खुलला.

"सलग चौथ्या महिन्यात मंगलाबाई पहिल्या! वाजवा टाळ्या."

टाळ्या वाजल्या. मागून यादोराव म्हणाला, "ह्या बाईले आता शिष्यवृत्ती लावा वो मॅडम!" आणि सगळे खदखदून हसले. एरवी मंगलाबाईनं त्याला असं उत्तर दिलं असतं की पुन्हा तोंड उघडायची त्याची छाती झाली नसती. आज ती पदर सारखा करत जागेवर येऊन बसली आणि पुन्हा दाराकडे बघू लागली. जनाबाई अजून आली नव्हती.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी बुद्धविहारात शुगरवाल्यांचा वर्ग भरायचा. उपकेंद्रातल्या तृप्ती मॅडम वयानं लेकीएवढ्या, पण मोठ्या कष्टाळू. गोळी कधी घ्यायची, ताटात भात किती वाढायचा, पायांना काय जपायचं, सगळं चित्रं काढून सांगायच्या. लोकांना हुरूप यावा म्हणून त्यांनी उपाशीपोटीची शुगर मोजून फळ्यावर नावं लिहायला सुरुवात केली. ज्याचा आकडा सगळ्यात कमी, तो पहिला. चौथीतच शाळा सुटलेल्या मंगलाबाईचं नाव उभ्या जन्मात कधी फळ्यावर वर चढलं नव्हतं. एकदा चढलं आणि बाईला त्याची चटकच लागली.

आता खरं सांगायचं तर त्या आकड्यात लबाडी होती. महिनाभर बाई भातावर भात रिचवायची. तपासणीच्या आदल्या दिवशी मात्र सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही, नुसतं कारल्याचं पाणी, आणि रात्री एका गोळीच्या जागी दोन. सकाळी आकडा कसा गुमान खाली आलेला.

परवा जनाबाई रडवेली होऊन तिच्याकडे आली होती. "माही दोनशेच्या खाली येतच नाही वं. सगळ्यांसमोर लाज वाटते मले."

गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलेल्या जुन्या गावात दोघींच्या घरांची भिंत एक होती. पुनर्वसनात प्लॉट दोन टोकांना पडले, तरी जीव तसाच होता. मंगलाबाईला तिची दया आली आणि तिनं आपली युक्ती सांगून टाकली. वर धीरही दिला, "हातपाय थरथरले त भेऊ नको. मलेबी होते. शुगर अंगातून निघून राहिली असं समज."

"आज नवीन विषय," तृप्ती मॅडम फळ्याकडे वळल्या. "शुगर वाढली की काय होतं ते आपण शिकलो. फार कमी झाली तर काय होतं?"

"कमी त चांगलीच न?" यादोराव म्हणाला.

"नाही काका. सत्तरच्या खाली गेली की धोका. हातपाय थरथरतात, दरदरून घाम सुटतो, माणूस भलतंसलतं बोलायला लागतो. वेळेवर साखर पोटात गेली नाही तर बेशुद्ध पडतो. जीवसुद्धा जातो."

"असं काहून होते?"

"गोळी घेतली आणि जेवण केलं नाही, की होतं."

मंगलाबाईनं पुन्हा दाराकडे पाहिलं. तिनं मनाची समजूत घालून पाहिली. धानाच्या रोवण्याचे दिवस आहेत, जना गेली असेल शेतात बांधीवर. पण जनाबाई दर वेळी सगळ्यांच्या आधी येऊन सतरंजी अंथरायची, रोवणा असो की कापणी. आणि परवाच ती म्हणाली होती, लेक-सून पहाटेच शेतावर जातात, सकाळी घरी कोणी नसते. म्हणजे ती एकटी. बोललं तर सगळ्या गावासमोर नाक कापलं जाणार होतं, यादोराव तर मरेपर्यंत ऐकवणार होता. मंगलाबाई एकदा उठली, पुन्हा बसली. पदराचं टोक पिळून पिळून तिनं त्याची वात करून टाकली.

"मॅडम," ती एकदम म्हणाली, "किती वेळात जीव जाते?"

तृप्ती मॅडमचा खडू थांबला. "काय झालं मंगलाबाई?"

"माहा आकडा पुसून टाका. खोटा हाय. काल सकाळपासून जेवली नाही मी, दोन गोळ्या घेतल्या. जनालेबी तेच शिकवलं. ते आली नाही, मॅडम. घरी कोणीच नाही तिच्या."

कोणी हसलं नाही. यादोरावही नाही. मॅडमनी टेबलावरचा बिस्किटाचा पुडा मंगलाबाईच्या हातात कोंबला, "आधी हे खा," म्हणाल्या, मशीनचा डबा उचलला आणि स्कूटीला किल्ली लावली. मंगलाबाई मागं बसली. आपणच मारलं तिला, आपणच मारलं, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं.

दार नुसतं लोटलेलं होतं. जनाबाई भिंतीला टेकून बसली होती. वर्गासाठी ठेवणीतलं लुगडं नेसलेली, घामानं चिंब. तिनं दोघींकडे पाहिलं, पण ओळख काही दिसली नाही.

"नाव लागली का?" ती पुटपुटली. जुन्या गावात नदी ओलांडायला नाव असायची.

मॅडमनी तिच्या बोटाला सुई टोचली, आकडा बघितला आणि त्यांचा चेहरा उतरला. "साखर कुठं असते हिची?"

मंगलाबाईला ते घर पाठ होतं. तिनं डबा काढला, मूठभर साखर पाण्यात ढवळली आणि जनाबाईचं डोकं आपल्या छातीशी धरलं.

"घोट घे वं जना. मले अशी सोडून नको जाऊ माय."

एक घोट, दुसरा, तिसरा. अर्धं पाणी लुगड्यावर सांडलं. मॅडम फोनवर रुग्णवाहिका मागवत होत्या, मधेच येऊन नाडी बघत होत्या. घड्याळात दहा-पंधरा मिनिटं झाली असतील, मंगलाबाईला तो दिवस सरतच नाही असं वाटलं. मग जनाबाईच्या हाताचा कंप कमी झाला. तिनं डोळे चोळले, नीट पाहिलं.

"मंगला? तू काहून रडून राहिली वं?"

मंगलाबाईला हुंदका आवरेना. जनाबाईची नजर मॅडमच्या हातातल्या मशीनवर गेली. ती धडपडत ताठ बसली.

"मॅडम, माही किती आली?"

"आधी पडून राहा, आजी. गाडी येतेय. दवाखान्यात जायचंय."

"सांगा न. किती आली?"

मॅडम खालच्या आवाजात म्हणाल्या, "चव्वेचाळीस."

जनाबाईनं मनाशी हिशेब लावला. हळूहळू तिच्या ओल्या चेहऱ्यावर हसू पसरलं.

"तुह्यापेक्षा कमी," ती मंगलाबाईला म्हणाली. "आज पहिली मी."

मंगलाबाईनं तृप्ती मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी मान खाली घातली होती.