साठवलेलं तापमान

बॅग भरून दारात ठेवलेली होती, पण मावशीचा पाय घरातून निघत नव्हता. तिकडे लेकीचे दिवस भरत आलेले, आणि इकडे उबवणी यंत्रात अंडी. ऊब गेली की आतली पिल्लं गेली. भाची दिवसभर कॉलेजच्या प्रयोगशाळेत असायची, पण तिने शब्द दिला होता, "तापमान उतरलं की माझा फोन वाजेल. सायकल काढीन आणि येईन."

"मग वाजवून दाखव," म्हणत मावशीने यंत्राचं दार उघडलं.

तापमापीतला पारा उतरू लागला. फोन गप्प.

"तुझा पहारेकरी मूग गिळून बसलाय गं!" मावशीने दार लावून टाकलं. "राहू दे. बाळंतपणाचं तुझ्या सासूबाई बघतील, असं कळवते लेकीला." ती हसत म्हणाली खरी, पण बॅगेकडे बघायचं तिने टाळलं.

यंत्रातल्या सेन्सरची तार ज्याला जोडली होती, त्या लॅपटॉपपाशी भाची बसली. तिचा प्रोग्राम साधा होता. तापमान मोजणारी कमांड तो चालवायचा, कमांडने छापलेली ओळ न् ओळ वाचायचा आणि आकडा घसरला की फोन लावायचा. तिने तीच कमांड हाताने चालवली. स्क्रीनवर आकडे एकामागून एक उमटू लागले. स्क्रीनवरच्याच शेजारच्या खिडकीत प्रोग्राम मात्र ढिम्म. मग बऱ्याच वेळाने त्याच्याकडे आकड्यांचा लोंढा एकदम आला. मघाशी दार उघडलं तेव्हाचा गार आकडाही त्यात होता. आणि तेव्हा कुठे फोन खणखणला.

"आत्ता उजाडलं होय याला?"

"कमांड आकडे साठवून ठेवते गं. समोर स्क्रीन असेल तर ओळ झाली की लगेच बोलते. समोर दुसरा प्रोग्राम असेल, तर ओळीओळीला हेलपाटे कशाला, म्हणून पोतं भरेपर्यंत थांबते."

"म्हणजे कोणी बघतंय की नाही, ते कळतं तिला?"

"जवळजवळ तसंच."

भाची विचारात पडली. आजवरची प्रत्येक चाचणी तिने कमांड हाताने चालवून, स्क्रीनसमोर बसून घेतली होती. तपासलं होतं ते ती समोर असतानाचं कमांडचं वागणं, आणि भरवसा देऊन बसली होती ती नसतानाचा.

तिने कमांडच्या आधी एक छोटी सूचना जोडली: साठवू नकोस, ओळ झाली की सोड. प्रोग्राम सुरू केला, स्क्रीन बंद केली आणि फोन घेऊन ती उठली.

"मी कोपऱ्यावर जाते. तुला वाटेल तेव्हा दार उघड. मला हाक मारू नकोस."

गल्लीच्या कोपऱ्यावर ती हाताची घडी घालून उभी राहिली. एक रिक्षा गेली. समोरच्या दुकानदाराने दोनदा विचारलं, काय हवंय म्हणून. मावशीने दार उघडलं असेल का? की उघडून कधीच लावलं असेल?

फोन वाजला. ती धावत सुटली.

यंत्राचं दार लागलेलं होतं आणि मावशी चपला घालत होती. "पळत कशाला आलीस? सायकलने येणार होतीस ना?" ती म्हणाली. "धर ती बॅग. स्टँडपर्यंत सोड मला."